एका आरशाचे रविवार

इरावतीला वाटलं होतं, दुर्बीण बनवायची म्हणजे खोक्यातून सुटे भाग काढायचे, कागदावरचं चित्र बघून चार स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी चंद्र बघून घरी जायचं. दिंडोशीच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळानं पत्रकात 'आपली दुर्बीण आपणच बनवू या' एवढंच छापलं होतं. किती दिवसांत, ते छापलं नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी ती सोसायटीच्या जुन्या व्यायामशाळेत पोचली, तर तिथं खोकी नव्हतीच. वाळू भरलेली पत्र्याची सहा पिंपं होती, एक सोडून प्रत्येकाभोवती एकेक माणूस गोल गोल फिरत होता, आणि काचेवर काच घासल्याचा असा काही आवाज येत होता की दात शिवशिवावेत.

दारात तिच्यासारखाच आणखी एक उशिरा आलेला पाहुणा उभा होता. तिशी उलटलेला, सावळा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होता.

"काचांची एकच जोडी उरलीय," मंडळाचे फणसे सर म्हणाले. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले हे सत्तरीचे गृहस्थ. उशीर आणि धूळ या दोन गोष्टींचा त्यांना सारखाच राग. "दोघांत मिळून एक आरसा करा. नाहीतर पुढच्या वर्षी या."

त्या माणसानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. "मला चालेल. तुम्हाला?"

खरं तर इरावतीला तिथूनच परत फिरायचं होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायला अंगात त्राण लागतं. ती 'चालेल' म्हणाली. पुढं जे काही झालं ते सगळं या थकव्याच्या पोटी झालं, असं म्हणायला हरकत नाही.

त्याचं नाव यज्ञेश परब. जोगेश्वरीत एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तो काचा फ्रेमच्या मापात घासून द्यायचा. मग स्वतःचा चष्मा शर्टानं का पुसता, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना त्यावरून ओरडतो, रविवारी तरी मोकळीक नको का? ती हसली नाही. पण हसावंसं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं.

काम सांगायला सोपं होतं. बशीएवढ्या दोन जाड काचा. एक पिंपावर पक्की बसवायची, तिच्यावर चिमूटभर खरखरीत पावडर आणि चार थेंब पाणी टाकायचं आणि दुसरी काच वर ठेवून पुढंमागं घासायची. घासता घासता हातातली काच जराशी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं हजारो वेळा केलं की वरची काच मधोमध खोल होत जाते. खोल म्हणजे किती, तर जेमतेम सव्वा मिलीमीटर. तेवढ्यात गुरूचे चंद्र आणि शनीची कडी मावतात, असं सर सांगत. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात फार तर सात मिलीमीटर उघडते. हा आरसा दीडशे मिलीमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या साडेचारशे पट उजेड गोळा करणारा. दुर्बीण नुसती वस्तू मोठी करून दाखवते हा लोकांचा आवडता गैरसमज. तिचं पहिलं काम उजेड वेचण्याचं.

सरांचे नियम दोन. पिंपापाशी फक्त आकडे बोलायचे. एकानं घासायचं, दुसऱ्यानं फेरे मोजायचे, पन्नास झाले की अदलाबदल. गप्पा सुरू झाल्या की हात एका अंगाला झुकतो आणि काच वाकडी होते. दुसरा नियम धुण्याचा. पावडर नंबरानं बारीक होत जाते, ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस आणि पुढं. नंबर बदलला की पिंप, बादली, हात, कोपरं सगळं धुवायचं. आधीच्या नंबरचे कपडेसुद्धा घालून यायचं नाही. जाड पावडरचा एक कण बारीक कामात शिरला की ओरखडा पडलाच म्हणून समजा.

आणि भिंतीला एक फळी होती. तिच्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अर्धवट काचा, प्रत्येकीवर दोन नावं. जोडीनं सुरू केलेल्या आणि जोडी फुटल्यावर राहून गेलेल्या. "हे भांडले," सर एकेकीकडे बोट दाखवत सांगत. "हे रुसले. आणि हे दोघं… कळलंच नाही." काच पुरी होईपर्यंत एकमेकांशी नीट राहा, मग काय हवं ते करा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आकड्यांचा नियम इरावतीला फार आवडला. ती दिंडोशीच्या कोर्टात स्टेनो होती. सकाळी अकरापासून लोकांचं बोलणं टिपायचं; खरं, खोटं, रडून सांगितलेलं, पाठ करून आलेलं. 'मला आठवत नाही' हे वाक्य तर बोटं आपोआप टाइप करायची. संध्याकाळी घरी आल्यावर आईनं काही विचारलं तर तिच्या तोंडून 'हो' नि 'नाही'च्या पुढं काही फुटत नसे. तिला कधी कधी वाटायचं, आपल्या वाट्याचं बोलणं संपलंय, आता उरलंय ते सगळं दुसऱ्यांचं. अशा मुलीला आठवड्यातले चार तास 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' याखेरीज काही ऐकावं लागू नये, हे सुखच होतं.

यज्ञेश मात्र मोजताना चुकायचा. तिचं मनगट दुखतंय असं दिसलं की तो अडतीसवरून थेट पंचेचाळीसवर उडी मारायचा. आणि स्वतःची पाळी आली की पन्नासनंतर गुपचूप सहा फेरे जास्त घालायचा. तिला हे कळायला तीन रविवार लागले. कळल्यावरही पिंपापाशी ते बोलायचं नव्हतंच. पण त्या दिवशी तिनं पहिल्यांदा त्याच्या हातांकडे नीट पाहिलं. बोटं लांब होती, नखांच्या कडांना काचेची पांढरी धूळ, आणि काच धरायची पद्धत अशी की जणू झोपलेल्या मांजराला उचललंय.

नियम पिंपापुरता होता. नळापाशी तो लागू नव्हता. व्यायामशाळेच्या मागं जांभळाच्या झाडाखाली नळ होता आणि नळाशेजारी दोन पायऱ्या. पहिल्यांदा नंबर बदलला तेव्हा हात धुवायला त्यांना पाच मिनिटं लागली. दुसऱ्यांदा वीस. तो कोपरावर पाणी ओतता ओतता दुकानातल्या गमती सांगायचा. एक आजोबा बायकोचा चष्मा घेऊन आले नि म्हणाले, हिला मी जरा बरा दिसेन असा नंबर टाका. इरावती हसली, आणि आपल्याला अजून असं हसता येतं याचं तिलाच नवल वाटलं. तिसऱ्या वेळी अर्धा तास झाला तरी त्यांचं धुणं संपेना. फणसे सर खिडकीतून बाकीच्यांना दाखवत होते, बघा, स्वच्छता याला म्हणतात. ते ऐकून दोघांनी लाजेकाजेनं पुन्हा एकदा कोपरापर्यंत हात धुतले.

जानेवारीतल्या एका रविवारी सरांनी काच ओली करून उन्हात न्यायला सांगितली. घासलेल्या काचेला पाणी लागलं की थोडी चमक येते, तेवढ्यात ती सूर्य पकडते. यज्ञेशनं काच उन्हाकडे धरली आणि इरावती पांढरा पुठ्ठा घेऊन तिच्यासमोर मागं मागं सरकत गेली. पुठ्ठ्यावर आधी धुरकट डाग आला. मग तो लहान होत होत वाटाण्याएवढा झाला, गोल, रेखीव कडांचा. तो सूर्य होता. पंधरा कोटी किलोमीटर अंतर आठ मिनिटांत कापून आलेला, आणि दोघांनी घासलेल्या काचेवरून उडून तिच्या हातात पडलेला.

"हलू नकोस," यज्ञेश म्हणाला.

सरांनी फीत लावून अंतर मोजलं. एकशेवीस सेंटीमीटर, हवं होतं तेवढंच. सर खूश होऊन आत गेले. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की तो 'हलू नका' म्हणाला नव्हता.

"सॉरी… तोंडातून गेलं."

"राहू दे आता," ती पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली. "बोललास ते बोललास."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा काम संध्याकाळपर्यंत लांबलं. दोघं बसस्टॉपवर उभी होती, बोलायचंही त्राण नव्हतं. सव्वासात झाले होते. समोरच्या इमारतीच्या टाकीवर एक मोठा ठिपका शांतपणे चमकत होता, आणि त्याच्या बराच खाली उजवीकडे दुसरा एक, जो एकसारखा लुकलुकत होता. शांत तो ग्रह, लुकलुकतो तो तारा, यज्ञेशनं सांगितलं. म्हणजे वरचा गुरू आणि खालचा व्याध.

"व्याधाचा हा उजेड साडेआठ वर्षांपूर्वी निघालाय," तो म्हणाला. "तेव्हा तू काय करत होतीस?"

तिनं आठवून पाहिलं. "दादरला शॉर्टहँडचा क्लास. सुटल्यावर मैत्रिणींबरोबर हसत असायचे. कशावर… ते नाही आठवत."

"म्हणजे तू हसत होतीस तेव्हा हा निघाला."

"आणि पोचेपर्यंत मी अशी झाले."

"अशी म्हणजे?"

"दमलेली."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर बघून म्हणाला, "तो पण दमलाच असेल ना. एवढ्या लांबून आलाय. पण दिसतोय की झकास."

त्याची बस आली. त्यानं ती सोडली. गर्दी आहे म्हणाला. बसमध्ये मोजून सात माणसं होती.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर इरावतीला कळून चुकलं की आपण यज्ञेशच्या प्रेमात पडलोय. आनंद व्हायचा सोडून तिला धास्तीच वाटली. बारीक नंबर संपत आले होते. आता डांबराच्या थरावर चकाकीची गुलाबी पावडर घालून शेवटचं घासणं. मग आरसा पुरा. आरसा पुरा झाला की रविवार संपले. तो जोगेश्वरीला, ती दिंडोशीला. भेटायला कारण काय उरणार? आणि कारणाशिवाय भेटायचं तर ते बोलून दाखवावं लागणार. तेवढंच तर तिला जमत नव्हतं.

मार्चच्या पहिल्या रविवारी यज्ञेशनं काच उलटी करून दिव्याखाली धरली आणि त्याचा चेहरा पडला. बोटभर लांब, केसाएवढा बारीक ओरखडा, अगदी मधून गेलेला.

चूक इरावतीची होती. हात पुसायला तिनं जो नॅपकिन आणला होता तो एकशेवीस नंबरच्या वेळचा. दोनदा धुतलेला, कडक इस्त्री केलेला. पण त्या पावडरचा कण इस्त्रीला कुठला घाबरतो? तिनं तो नॅपकिन गुपचूप पिशवीत कोंबला.

सर ओरडतील असं वाटलं होतं, ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. अशा ओरखड्यानं उजेडाचा हजारावा भागसुद्धा वाया जात नाही. चंद्राला कळणार नाही, शनीला कळणार नाही, कळलं तर तुम्हा दोघांनाच. तसाच ठेवलात तर दोन रविवारांत आरसा पुरा होईल. नको असेल तर दोनशेवीसपासून पुन्हा सगळं, म्हणजे सात रविवार. काच दोघांची आहे, तेव्हा दोघांचं एकमत हवं.

सात रविवार! आपल्याच चुकीचा आपल्याला आनंद होतोय, हे पाहून इरावतीला लाज वाटली. पण आनंद झाला हे खरं.

"राहू दे ओरखडा," यज्ञेश लगेच म्हणाला. "पुढं जाऊ. लवकर संपवू."

'लवकर संपवू' हे दोन शब्द तिला फार लागले.

"मला मागं जायचंय," ती म्हणाली.

"अगं, कशाला? सर सांगतायत ना, काही फरक पडत नाही."

"मला पडतो."

"सात रविवार, इरावती. यार, संपू दे ना आता एकदाचं."

सरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, काच वर्तमानपत्रात गुंडाळली, वर पेनानं दोन नावं लिहिली आणि फळीवर ठेवून दिली. विचार करून पुढच्या रविवारी सांगा, म्हणाले. तोवर ती तिथंच राहील.

तो आठवडा सरता सरेना. इरावती कोर्टात जायची, टिपायची, घरी यायची. फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. त्याचाही फोन आला नाही. ज्याला आपल्यापासून सुटायची एवढी घाई आहे त्याच्यासाठी झुरायचं म्हणजे हद्द झाली, असं ती स्वतःला बजावत राहिली. पण बजावणारीच इतकी दमलेली होती की तिचं कोण ऐकणार?

गुरुवारी एका जागेच्या भांडणात सुगंधाबाई नावाच्या एका वयस्क बाईची साक्ष झाली. वकिलांनी विचारलं, सगळं माहीत होतं तर तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? बाई म्हणाल्या, "कोणी विचारलं नाही. मला वाटलं, विचारतील. त्यात बावीस वर्षं गेली." इरावतीची बोटं थांबली. न्यायाधीशांना वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी ते वाक्य पुन्हा सांगितलं. तिनं ते टाइप केलं आणि उरलेला दिवस तिला दुसरं काही सुचलं नाही.

रविवारी ती अर्धा तास आधी पोचली. यज्ञेश तिच्याही आधी आलेला होता. नळापाशी उभा राहून, मुळातच स्वच्छ असलेले हात धूत होता. डोळ्यांखालची वर्तुळं आणखी गडद झाली होती.

"ओरखडा माझ्यामुळं पडला," तिनं जागच्या जागी उभं राहून सांगितलं. "नॅपकिन जुना होता."

"माहितीय. घडीत पावडर चमकत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"सरांसमोर? तू रडली असतीस."

आता आपण थांबलो तर बावीस वर्षं जातील, असं तिला वाटलं.

"यज्ञेश, तुला संपवायचंय ना, संपवू. आज हो म्हणून सांगू सरांना. पण एक ऐक. मला मागं जायचं होतं ते काचेसाठी नाही. मला शनी नकोय, गुरूचे चंद्र नकोत. मला ते सात रविवार हवे होते… तू असतोस म्हणून. तुझ्याबरोबर असले की मला दमल्यासारखं वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण चालतं. बस्स, एवढंच."

नळ वाहत होता. यज्ञेश हळूच पायरीवर बसला, चष्मा काढून दोन्ही हातांनी चेहरा दाबला आणि तसाच हसायला लागला. ती घाबरली.

"वाट लागली," तो म्हणाला. "अगं, मी डिसेंबरपासून काच संपायची वाट बघतोय."

"ते दिसलंच."

"ऐक तर. ती फळी आहे ना आतली… ती बघूनच मी ठरवलं होतं, आरसा पुरा झाल्याशिवाय हिला काही विचारायचं नाही. मधेच विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर? तू यायची बंद झाली असतीस. आपली नावं त्या पेपरवर, आणि मी दर रविवारी येऊन बघत बसणार. म्हणून घाई केली. म्हटलं, एकदाचं संपू दे, मग तोंड उघडू." त्यानं चष्मा चढवला. "आठवडाभर झोपलो नाहीये. आई म्हणते, कोणी जादूटोणा केला काय तुझ्यावर."

म्हणजे तिला ज्याची भीती तीच त्याला. आरसा संपू नये म्हणून ती अडून बसली होती, लवकर संपावा म्हणून तो, आणि दोघांच्या मनात एकच गोष्ट. इरावती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"काय विचारायचं होतं?"

"आता काय राहिलंय? तूच सगळं बोललीस."

"तरी विचार. मला दुसऱ्यांचंच ऐकायची सवय आहे."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझ्या आईला तू आवडशील," तो अखेर म्हणाला.

"आणि तुला?"

"मला आवडतेस. खूप. पहिल्या दिवशी चष्म्यावरून बोललीस ना, तेव्हापासून." आणि मग एकदम जोर चढून म्हणाला, "चल, मागं जाऊ. दोनशेवीस नंबर काढू. सात काय, सतरा रविवार घासतो मी."

इरावतीनं आपले तळहात उघडून पाहिले. चार महिन्यांच्या पाण्यानं आणि पावडरनं बोटांना भेगा पडल्या होत्या. त्याच्या हातांची अवस्थाही तीच. तिनं त्याचा ओला हात आपल्या हातात घेतला. पहिल्यांदाच घेतला, आणि तो थंडगार होता.

"नको," ती म्हणाली. "ओरखड्यासकट होऊ दे पुरा. मी फार दमलेय रे."

"मग झाल्यावर रविवारी काय करायचं?"

"काही नाही करायचं. झोपायचं. दुपारी चारपर्यंत." तिनं त्याचा हात घट्ट धरला. "आणि डोळे उघडले की… तू समोर असावास."

यज्ञेशचे डोळे भरून आले. एक हात तिच्या हातात होता. दुसऱ्या हातानं त्यानं नळ बंद केला. आतून फणसे सर ओरडत होते, डांबर गरम केलंय, कोणाला यायचं असेल तर या. ती दोघं मात्र आणखी थोडा वेळ तिथंच, एकमेकांच्या खांद्याला टेकून बसून राहिली.